तीन मोती सांगणाऱ्याचे, तीन ऐकणाऱ्याचे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत एका वाचकाने लिहिलं होतं की हल्लीच्या मुलांना ऐकायची सवयच उरली नाही. ते पत्र वाचलं आणि दोन दिवस तेच डोक्यात घोळत राहिलं. मला वाटतं मुलांचं राहू द्या, आधी आपण मोठ्यांनीच सांगायचं बंद केलंय, आणि कोणी सांगायला लागलं तर त्याला नीट सांगू देणं तर कधीच बंद केलंय. माझं पत्र लांबलंय, काटछाट केलीत तरी चालेल, फक्त कंपनीचा भाग शक्यतो ठेवा कारण मला जे म्हणायचंय ते मला तिथेच कळलं.

मी कोपरखैरण्याला राहतो. वडील माथाडी कामगार, गाव जावळी तालुक्यात, आधी मशीद बंदर आणि मग बाजार तुर्भ्याला हलला तसे आम्हीही खाडी ओलांडून इकडे आलो. मी स्वतः गेली २९ वर्षं टीटीसी म्हणजे ठाणे-बेलापूरच्या औद्योगिक पट्ट्यात सेफ्टीच्या कामात आहे, दोन केमिकल कंपन्या झाल्या, नावं घेत नाही. रोज सकाळी शिफ्ट सुरू व्हायच्या आधी दहा मिनिटं टूलबॉक्स टॉक असतो, म्हणजे प्लांटच्या दारात सगळ्यांना गोल उभं करायचं आणि आज काय काम आहे, धोका कुठे आहे, अंगावर काय घालायचं, काय अजिबात करायचं नाही ते बोलायचं. बरीच वर्षं मी तिथे कागद वाचायचो. मुद्दा एक, मुद्दा दोन, मुद्दा तीन. लोक माना हलवायचे, सही करायचे आणि कामाला लागायचे.

त्या कागदावर एक नियम कायम असायचा. पाइपलाइनचा फ्लँज, म्हणजे दोन पाइप बोल्टने जोडलेला सांधा, उघडताना आपल्यापासून लांबचा बोल्ट आधी सैल करायचा, जवळचा नंतर, आणि तोंड जॉइंटच्या समोर न्यायचं नाही. कारण लाइन बंद केली, ड्रेन केली तरी दोन व्हॉल्व्हच्या मध्ये थोडा माल दाबाखाली अडकून राहू शकतो, लांबचा बोल्ट आधी सुटला तर तो पलीकडे उडतो आणि जवळचा आधी सुटला तर थेट तुमच्या तोंडावर. मी हे किती वेळा वाचून दाखवलं असेल याची गणती नाही. तरी एका पावसाळ्यात आमच्या एका तरुण फिटरने कॉस्टिकच्या, म्हणजे कातडी जाळणाऱ्या कॉस्टिक सोड्याच्या, लाइनचा जवळचा बोल्ट आधी सोडला, गॉगल हेल्मेटवर चढवलेला. शेजारी एक वयस्कर हेल्पर होता, त्याने त्याला ओढत सेफ्टी शॉवरखाली नेलं आणि पोरगा किंचाळत असताना त्याच्या पापण्या बोटांनी उघड्या धरून वीस मिनिटं पाणी मारत राहिला. डोळा वाचला, गळ्यावर आणि कानामागे डाग राहिले.

त्याच्या सहीचा कागद माझ्या फाइलमध्ये होता, त्याच सकाळचा.

दोन महिन्यांनी तो परत कामावर आला तेव्हा मी विचारलं, सकाळी सगळ्यांसमोर सांगशील का काय झालं ते? आधी नको नको म्हणाला. मग एके दिवशी स्वतःच पुढे आला. नांदेडकडचा मुलगा, अर्धं मराठी अर्धं हिंदी बोलत होता म्हणजे युपी-बिहारच्या लोकांनाही कळेल. पाना कसा घसरला, अंगावर उडालं तेव्हा पहिल्यांदा साबणासारखं बुळबुळीत कसं लागलं आणि आग मग कशी सुरू झाली, हेल्परच्या बोटांना तंबाखूचा वास कसा येत होता आणि डोळे मिटलेले असताना त्याच्या डोक्यात एवढंच चाललं होतं की आता आईला फोन कोण करणार. पाच-सात मिनिटं बोलला असेल. कोणी जागचं हललं नाही. एक जण नकळत स्वतःचा गॉगल चाचपत होता, ते माझ्या अजून डोळ्यासमोर आहे. या गोष्टीला पाच वर्षं होतील. आज प्लांटवर नवा पोरगा आला की मी तोंड उघडायच्या आधी जुनी माणसंच त्याला सांगतात, "लांबचा आधी सोड बाबा, नायतर त्याच्यासारखं होईल."

मी शास्त्रज्ञ नाही, पण त्यानंतर या विषयावर जे मिळेल ते वाचत गेलो. १९६९ साली बॉवर आणि क्लार्क या दोघांनी एक साधा प्रयोग केला होता. दहा-दहा शब्दांच्या बारा याद्या, एका गटाने त्या नुसत्या पाठ करायच्या, दुसऱ्या गटाने प्रत्येक यादीतले शब्द ओवून मनाने एक गोष्ट बनवायची. सगळ्या याद्या झाल्यावर विचारलं तर गोष्टवाल्यांना साधारण ९३ टक्के शब्द आठवले आणि पाठ करणाऱ्यांना १३ टक्के. मी हा आकडा वाचला तेव्हा मला माझे सह्यांचे कागद आठवले.

दुसरा प्रयोग अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठातला, २०१० चा, युरी हॅसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. एका बाईने मेंदूचं स्कॅन करणाऱ्या मशीनमध्ये पडून स्वतःच्या आयुष्यातली एक खरी गोष्ट सांगितली, पाठ केलेली नाही, सहज जशी येईल तशी. ती रेकॉर्ड केली आणि मग इतर लोकांना त्याच मशीनमध्ये ऐकवली. तर ऐकणाऱ्यांच्या मेंदूत जिथे जिथे हालचाल होत होती ती सांगणाऱ्या बाईच्या मेंदूशी जुळत होती, थोड्या सेकंदांच्या अंतराने, जसं भजनात बुवांच्या मागून ओळ उचलतात तसं. आणि काही भागांत तर ऐकणाऱ्याचा मेंदू पुढे धावत होता, आता काय होणार याचा अंदाज बांधत. ज्यांचा मेंदू असा जास्त जुळला आणि पुढे धावला त्यांना गोष्ट जास्त चांगली समजलेली होती. मग त्यांनी अजून एक केलं, रशियन न येणाऱ्या लोकांना रशियन भाषेतली गोष्ट ऐकवली. जुळणं गायब. आवाज कानात जातोय, माणूस मनापासून बोलतोय, पण ऐकणाऱ्याकडे काही उमटत नाही.

आमच्याकडे कंत्राटी कामगारांना पहिल्या दिवशी जे ट्रेनिंग देतात ते कित्येक वर्षं इंग्रजी स्लाइडवर होतं. आठवी शिकलेला माणूस, इंग्रजी स्लाइड, एसी हॉल, दीड तास. आमच्या प्लांटवर आम्ही रोज तो रशियन भाषेचा प्रयोगच करत होतो आणि वर सह्या घेत होतो, हे मी फार वाईट वाटून लिहितोय. आता कामगारांना कळतील अशा तीन भाषांत बोलतो आणि स्लाइड कमी केल्यात. त्यासाठी भांडावं लागलं.

पण मला सगळ्यात जास्त हलवलं ते कॅनडातल्या व्हिक्टोरिया विद्यापीठाच्या एका अभ्यासाने, साल २०००, जॅनेट बॅव्हेलास आणि सहकारी. त्यांनी लोकांना सांगितलं की तुम्ही थोडक्यात वाचलात असा एखादा प्रसंग समोरच्याला सांगा. आमच्या भाषेत नियर मिस! सांगणाऱ्याला माहीत नव्हतं की समोरच्याला गुपचूप एक काम दिलंय, बोलण्यात अमुक अक्षराने सुरू होणारे शब्द किती येतात ते मोजायचं. म्हणजे तो ऐकतोय, प्रत्येक शब्द ऐकतोय, पण गोष्ट ऐकत नाहीये. त्याच्या तोंडून "अरे बापरे", "मग?" असं योग्य जागी काही निघेना, चेहऱ्यावर काही उमटेना. आणि बिघडलं काय, तर सांगणाऱ्याची गोष्ट. बोलता बोलता अडखळायला लागला, जिथे गोष्ट रंगायची तिथेच, म्हणजे शेवटाला, ती कोसळली, काही जण तर शेवट सांगून झाल्यावरही पुन्हा पुन्हा तेच समजावत बसले. सांगणारा तोच, प्रसंग त्याच्याच आयुष्यातला, फक्त समोरचा मनाने हजर नव्हता.

हे वाचलं आणि मला आईची आदित्यराणूबाईची कहाणी आठवली. श्रावणातल्या रविवारी आई ती मोठ्याने वाचायची, अजून वाचते, ८१ वय आहे. त्यात बाप लेकीकडे जातो आणि म्हणतो मला कहाणी सांगायची आहे, तू ऐक, तर एक लेक म्हणते मला वेळ नाही, आणि तिच्या घरी दारिद्र्य येतं. पुढे तिलाच कहाणी सांगायला ऐकणारा माणूस शोधत फिरावं लागतं, वाटेत मोळीविक्या भेटतो त्याला थांबवतात. सहा मोती असतात, त्यातले तीन त्याच्या हातात देतात, तीन आपल्याकडे ठेवतात, आणि मग ते वाक्य येतं, "मनोभावे कहाणी सांगितली, चित्तभावे त्याने ऐकली." लहानपणी मला कळायचं नाही की ऐकणाऱ्याला मोती कशाला, तो तर नुसता उभा आहे. आता वाटतं ज्या कोणी बायांनी ही कहाणी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आणली त्यांना पक्कं माहीत होतं की अर्धं काम ऐकणारा करतो. म्हणून वाटणी बरोबर निम्मी-निम्मी.

आईची तर गोष्ट सांगताना अटच असायची, हुंकार द्यायचा. तिचं वाक्य संपलं की आम्ही "हुं" म्हणायचं. गावी सुट्टीत अंगणात गोधडीवर आडवे पडलेलो असायचो, दिवे गेलेले, तिकडून हुंकार आला नाही की ती गप्प. झोपलास का रे? मग कोणीतरी घाईघाईने हुं हुं म्हणायचं आणि गोष्ट पुढे सरकायची. हल्ली घरात कोणी काही सांगायला लागलं की समोरच्याचा अंगठा स्क्रीनवर फिरत असतो आणि तोंडाने "बोल ना, ऐकतोय". माझाही फिरायचा. ऐकतोय हे खरं असतं, शब्द कानात जातात, पण कॅनडातल्या त्या अक्षरं मोजणाऱ्या माणसासारखं. आणि मग आपणच म्हणतो आमच्या घरात कोणी बोलत नाही.

आता नातीबद्दल. सव्वाचार वर्षांची आहे. गेल्या ऑक्टोबरमध्ये तिला डेंग्यू झाला, चार रात्री हॉस्पिटलमध्ये काढल्या. पहिल्या दिवशी सलाइनची सुई लावताना दोघांनी धरावं लागलं, त्यानंतर निळा ड्रेस दिसला की रडायला सुरुवात, सिस्टर नुसती टेंपरेचर बघायला आली तरी. सुनेने मोबाइल दिला, कार्टून लागलं की शांत, बंद केलं की दुप्पट रडणं. दुसऱ्या दिवशी आई हट्टाने आली, खुर्ची बेडला चिकटवून बसली आणि चिऊकाऊची गोष्ट सुरू केली. चिऊचं घर मेणाचं, काऊचं शेणाचं, पाऊस आला, काऊचं घर वाहून गेलं. "चिऊताई चिऊताई दार उघड" म्हटलं की नात बारीक आवाजात म्हणायची "थांब माझ्या बाळाला तीट लावते". तिला येते ती गोष्ट पाठ, तरी दर वेळी आई तिथे थांबायची आणि ती बोलेपर्यंत पुढे जायची नाही. तिसऱ्या वेळेला नातीने बदल केला, म्हणाली "थांब माझ्या बाळाला सलाइन लावते". आणि त्या रात्री सिस्टर आली तेव्हा रडली नाही, हात पुढे केला, दुसऱ्या हाताने पणजीचा पदर धरून ठेवला होता.

मी म्हणत होतो हा योगायोग असेल. पण ब्राझीलमध्ये याचाच अभ्यास झालाय, २०२१ साली प्रसिद्ध झाला. साओ पाउलोच्या एका हॉस्पिटलमध्ये अतिदक्षता विभागातली ८१ लहान मुलं, साधारण अर्ध्यांना अर्धा तास गोष्टी सांगितल्या, बाकीच्यांशी तेवढाच वेळ कोडी घातली. आधी आणि नंतर थुंकीचे नमुने घेतले. ताणाचं हार्मोन कॉर्टिसॉल दोन्ही गटांत कमी झालं आणि जिव्हाळ्याशी ज्याचा संबंध लावतात ते ऑक्सिटोसिन दोन्ही गटांत वाढलं, पण गोष्टीवाल्या मुलांमध्ये हा फरक जवळजवळ दुप्पट होता, आणि दुखणंही त्यांनी जास्त कमी झाल्याचं सांगितलं. मग मुलांना चित्रं दाखवून काय वाटतं ते बोलायला सांगितलं. नर्सचं चित्र बघून कोडीवाली मुलं इंजेक्शन देणारी वाईट बाई अशा अर्थाचं बोलली, गोष्टीवाली मुलं मला बरं करायला येणारी असं बोलली. हे वाचताना माझ्या डोळ्यासमोर त्या रात्रीचा पुढे केलेला हात होता.

सुनेला मी दोष देत नाही, ती ठाण्याला नोकरीला जाते, ट्रान्सहार्बर लोकलची गर्दी, घरी यायला साडेसात-आठ, त्यात जेवणाच्या ताटासमोर मूल तोंड उघडत नाही तेव्हा मोबाइल लावला तर कोण तिला नावं ठेवणार. पण आम्ही घरात बसून बोललो यावर. मी तिला सांगितलं की सिनसिनाटीच्या मुलांच्या हॉस्पिटलमध्ये चार वर्षांच्या आसपासच्या २७ मुलांना गोष्टी तीन तऱ्हेने दिल्या होत्या, नुसता आवाज, आवाज आणि चित्रं, आणि कार्टून. कार्टून बघताना मेंदूचे भाषेचे, बघण्याचे, कल्पना करण्याचे भाग एकमेकांशी कमी बोलत होते कारण सगळं स्क्रीनच करून देत होता, आवाजासोबत स्थिर चित्रं होती तेव्हा ते सगळ्यात चांगले एकत्र काम करत होते. आणि एमआयटीचा २०१८ चा अभ्यास, चार ते सहा वर्षांची ३६ मुलं, तिथे असं दिसलं की मुलाच्या कानावर दिवसभरात किती शब्द पडले यापेक्षा मोठ्यांशी त्याची किती वेळा उलटसुलट बोलाचाली झाली याचा संबंध जास्त होता, अशा मुलांच्या मेंदूतला भाषेचा ब्रोकाचा भाग गोष्ट ऐकताना जास्त जागा होत होता. म्हणजे परत तेच, आईचा हुंकार. मोबाइल गोष्ट सांगतो पण "झोपलास का रे" असं विचारायला थांबत नाही. आता आमच्याकडे रात्रीचं जेवण झाल्यावर पंधरा मिनिटं सगळे फोन टीव्हीच्या वर ठेवतात. सूनबाई ट्रेनमधल्या गोष्टी सांगते, त्या नातीला सगळ्यात आवडतात, घणसोलीला चढणाऱ्या फुलवाल्या मावशी वगैरे.

एक गोष्ट मात्र मला लिहिलीच पाहिजे, नाहीतर अर्धवट होईल. गोष्ट खरी असो की खोटी, मेंदूत तेवढ्याच सहज शिरते. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला पाच माणसांना जमावाने ठार मारलं, मुलं पळवणारी टोळी आलीये ही अफवा मोबाइलवर फिरत होती म्हणून. भिक्षा मागणारी साधी माणसं होती ती. ती अफवा म्हणजे गोष्टच होती, तिच्यात भीती होती, लहान मुलं होती, पुढे काय होणार हे होतं, सगळं होतं. फक्त सांगणारा समोर नव्हता, की ज्याला कोणी विचारेल, तू स्वतः बघितलंस का? आमच्या टूलबॉक्स टॉकला मी आता हा नियमच केलाय, सांगणाऱ्याने स्वतःचं किंवा स्वतः डोळ्याने पाहिलेलं सांगायचं आणि ऐकणाऱ्याने निदान एक प्रश्न विचारायचा. प्रश्न आला की सांगणारा पण सरळ होतो.

त्यात अडचण वेगळीच आली. लोक नियर मिस सांगायला घाबरतात, सांगितलं तर मेमो मिळेल, कंत्राटदार गेटवरूनच परत पाठवेल. खरं आहे ते, असं झालेलं मी बघितलंय. जिथे सांगणाऱ्याला शिक्षा होते तिथे पुढचा अपघात होईपर्यंत कोणी काही सांगत नाही. आम्ही साहेबांकडून लेखी घेतलं की टूलबॉक्स टॉकमध्ये जे सांगितलं त्यावर कारवाई होणार नाही, तेव्हा कुठे तीन महिन्यांनी पहिला माणूस बोलला, शिडीचा पाय ऑइलवर कसा सरकला ते. ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो, राष्ट्रीय सुरक्षा परिषदेचं मुख्यालय आपल्या बेलापूरलाच आहे, त्या आठवड्यात पट्ट्यातल्या सगळ्या कंपन्यांत पोस्टर लागतात, शपथ होते, स्पर्धा होतात. माझी सगळ्या सेफ्टीवाल्या मंडळींना विनंती आहे की त्यातला एक तास वाचलेल्या माणसांना द्या, त्यांच्या भाषेत, माइक नको, गोल करून.

आणि तुमच्याकडे एक मागणं आहे. रविवारच्या पुरवणीत लहान मुलांसाठी जी जागा असते त्यात दर आठवड्याला एक गोष्ट मोठ्याने वाचून दाखवण्यासाठी छापाल का? अक्षर मोठं, म्हणजे माझ्या आईसारख्यांना चष्म्याने वाचता येईल. एखादं चित्र. आणि मध्ये दोन-तीन ठिकाणी नुसतं "इथे थांबा" असं लिहा, म्हणजे वाचणारा थांबेल आणि मूल बोलेल, मग ते काहीही बोलो. व्हिडिओची लिंक किंवा स्कॅन करायचा चौकोन तेवढा त्या गोष्टीखाली टाकू नका. पहिली गोष्ट लागली तर आईकडे गावाकडच्या पुष्कळ आहेत, ती सांगेल, मी लिहून पाठवेन. थांबायच्या जागा तीच सांगेल, तिला माहीत आहेत.

आपला,
एक वाचक,
कोपरखैरणे, नवी मुंबई